तिसऱ्या भागात बेलीला निवड करूच दिली नाही

शाईचा_डाग
काल आपल्या सोलापूरच्या वाचकांपैकी एकांनी लिहिलं : "जेनी हानच्या 'द समर आय टर्न्ड प्रिटी' या कादंबरीमालेच्या तिसऱ्या भागाचा शेवट याहून चांगला होऊच शकत नाही. ज्यांना तो खटकतो त्यांनी आयुष्यात खरं प्रेम केलेलं नाही." खाली नुसते बदाम. मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, पण ते दोन ओळींत बसेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या आयुष्यात काय झालं आणि काय नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. तेव्हा ते सोडून पुस्तकावर बोलू.

पहिला भाग 2009 चा, दुसरा 2010 चा. बेली दर उन्हाळ्यात आईच्या मैत्रिणीच्या, सुझानाच्या, समुद्रकाठच्या घरी जाते, तिथं सुझानाची दोन मुलं. या दोन भागांत लेखिकेने हे दोन भाऊ खरे उभे केले. कॉनरॅड आतल्या आत कुढणारा, आईच्या आजारपणाने मिटून गेलेला. जेरेमाया हसरा, बोलका, हाक मारली की धावून येणारा. दुसऱ्या भागात सुझाना गेलेली आहे, बाप समुद्रकाठचं घर विकायला निघालाय, आणि तिथं जेरेमायाच्या तोंडची प्रकरणं आहेत. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी खरंच पेचात आहे. दोघंही चांगले आहेत, एकाला दुखवावंच लागणार.

आणि मग 2011 चा तिसरा भाग. बेली आता जेरेमायाबरोबर आहे. सुरुवातीलाच कळतं की भांडण होऊन दोघं तुटलेले असताना जेरेमाया मेक्सिकोत काबोला दुसऱ्या मुलीबरोबर झोपला. हे उघड झाल्यावर तो लगेच लग्नाची मागणी घालतो. आता मनातलं सांगायची प्रकरणं मिळतात ती कॉनरॅडला. म्हणजे एकाचा दोष दाखवायचा आणि दुसऱ्याचं दुःख दाखवायचं. एवढं केल्यावर वाचक कुणाकडे जाणार? बेलीही शेवटी कॉनरॅडकडेच जाते. दोन चांगल्या माणसांतून एकाला निवडणं ही या गोष्टीतली अवघड जागा होती. लेखिका नेमकी तिथूनच बाजूला झाली. हे मला फार लागलं, कारण पहिले दोन भाग मी जीव लावून वाचले होते.

उन्हाळी_सुट्टी
ताई, तिसरा भाग परत वाचा. काबोमुळे लग्न मोडत नाही. ते कळल्यावर बेली कोसळते, पण नंतर त्याला माफ करते आणि लग्नाला उभी राहते. आईशी भांडण घेते. लग्न मोडतं ते ऐन लग्नाच्या दिवशी, कारण कॉनरॅड तिच्या मनातून गेलेलाच नाही हे दोघांनाही कळून चुकतं. काबो नसतं तरी हेच झालं असतं.

कॉनरॅडची प्रकरणं शेवटीच यायला हवी होती. दोन भाग तो गप्प आहे, आपण त्याला तुसडा समजतो, मग कळतं की आत काय चाललं होतं. ते वाचून मी रडले. यात मला काही कमी वाटत नाही.

बाळीवेसकर
मी यात वयाने मोठा असावा. माझ्या मुलीने पुस्तक हातात दिलं म्हणून वाचलं. मला या दोन पोरांत रस नाही. मला बेलीची आई, लॉरेल, आवडली. मुलीचं कॉलेज व्हायचंय, हातात काही नाही, आणि म्हणते लग्न करते. आई म्हणते, मी येणार नाही. बरोबर आहे की. आमच्या घरी हेच झालं. मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. मुलगा चांगला होता, पण मी म्हणालो आधी पदवी हातात घे. कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. शेवटी पदवी घेऊन त्याच मुलाशी लग्न केलं. आज नोकरी करते. माझा कठोरपणा तिच्या उपयोगाला आला.

आणि एक सांगतो. तुम्ही निम्मे लोक पुस्तकावरची मालिका बघून बोलताय. मालिकेत शेवटी पॅरिस आहे, पुस्तकात बेली स्पेनला जाते. आधी पुस्तक वाचा, मग मतं मांडा.

उन्हाळी_सुट्टी
काका, मी दोन्ही केलंय. मालिका 2022 ला सुरू झाली त्याआधी तिन्ही भाग वाचून झाले होते.

आणि लॉरेल बरोबर असेल, पण मुलीच्या लग्नाला येणारच नाही म्हणणं बरोबर नाही. शेवटी येतेच ना ती. तुमच्या मुलीने ते महिने कसे काढले, हे तिला विचारलंत का?

बाळीवेसकर
तो आमच्या घरचा विषय आहे. तुला नको.

आचारी_जुळेसोलापूर
मी स्वयंपाकाची कामं घेतो. बायकोने ही मालिका लावली होती, शेवटचे काही भाग मीपण बघितले. कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो : ऐन लग्नाच्या दिवशी मोडलं, तर जेवणाचं काय झालं? हसू नका. होटगी रोडला एका कार्यालयात माझ्यावर हा प्रसंग आलाय. भात उतरवलेला, जिलेबी तळून झालेली, आणि मुलीकडचे लोक गाडीत बसून गेले. मुलाकडचे म्हणाले, आम्ही कशाचे पैसे द्यायचे? मुलीकडच्यांनी फोन उचलला नाही. वाढप्यांची मजुरी मी खिशातून दिली. प्रेमाची गोष्ट लिहिणाऱ्यांनी या लोकांचाही विचार करावा. मोडायचं तर आदल्या आठवड्यात मोडा.

साखरपेठ_पूर्वभाग
तुम्ही सगळे दोन पोरांवरून भांडताय. माझं भांडण सुझानाशी आहे.

आठवा, बेली लहान असल्यापासून सुझाना म्हणत आलीय की ही माझ्या एका मुलाच्या नशिबात आहे. सगळे त्याला माया म्हणतात. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. परत उघडायला वेळ लागला.

आमचं घर पद्मशाली. माग बंद झाले, आता घरात सगळे नोकरीवाले, पण बोलणं अजून तेलुगूच. मामाच्या मुलाला आम्ही बावा म्हणतो, आणि माझा बावा माझ्यासाठी ठरलेला आहे हे मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत होते. मामी प्रत्येक सणाला परकर-पोलका घेऊन यायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, माझी सून. सगळे हसायचे. मला आवडायचंही. लाड कुणाला नको असतात? मोठी झाल्यावर कळलं की त्या प्रत्येक पोलक्यासोबत माझा होकार नेला जात होता.

बेलीला कुणी दुसरा मुलगा आवडूच शकला नसता. कॅम नावाचा एक बिचारा पहिल्या भागात येतो, चांगला मुलगा, पण तो लगेच बाजूला होतो. का? कारण दोनच दारं उघडी ठेवलीत, आणि दोन्ही एकाच घराची. कॉनरॅड की जेरेमाया हा प्रश्नच मुळात सुझानाचा आहे. बेलीला तो कुणी विचारलाच नाही.

होटगीरोड_वाचक
काय बोलालाय ओ तुम्ही? पुस्तकात नातं कुठंय? दोघी आया मैत्रिणी आहेत, बस. अमेरिकेतल्या सुट्टीच्या गोष्टीत तुम्ही आपले मामा आणि आत्या कशाला आणालाय?

आणि आणलंच आहे तर ऐका. माझे आईवडील आते-मामे भावंडं. संसार सुखाचा झाला. आईला सासरी कधी परकं वाटलं नाही, कारण सासू म्हणजे सख्खी आत्या. आजारपणात आत्यानेच तिचं सगळं केलं. आमच्याकडे लिंगायतांत, तुमच्याकडे पद्मशालींत, मराठ्यांतसुद्धा, अर्धं सोलापूर असंच उभं राहिलंय. तुमचा एक अनुभव वाईट म्हणून सगळ्या समाजाला नावं ठेवू नका.

साखरपेठ_पूर्वभाग
मी समाजाला नाव ठेवलं नाही. तुमच्या आईला विचारलं होतं का कुणी, एवढंच सांगा.

होटगीरोड_वाचक
माझ्या आईवर जाऊ नका.

परिचारिका_सातरस्ता
भांडू नका, पण हे बोलायलाच हवं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात बाळाला जन्मजात व्यंग असण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. दुप्पट होऊनही बहुतेक मुलं ठणठणीत जन्मतात, हेही तितकंच खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात होत राहिलं तर वाढत जातं. मी बाळंतपणाच्या वॉर्डात काम करते. ज्यांच्या वाट्याला येतं, त्या आईला सगळे विचारतात, तुझ्याकडून काय चुकलं? लग्न ठरवणाऱ्यांना कुणी विचारत नाही. माझा राग त्यावर आहे.

पार्कचौक_वकील
कायद्याचं सांगतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यात येतात. मामा-भाचीही येतात. फक्त दोन्हीकडे तशी रूढी असेल तर विवाह चालतो. म्हणून आपल्याकडे ही लग्नं वैध ठरतात. रूढी नसलेल्या घरात केलं तर ठरणार नाहीत. बेली आणि कॉनरॅड-जेरेमाया या फिशर बंधूंचा यात काही संबंध नाही, त्यांच्यात रक्ताचं नातंच नाही.

शाईचा_डाग
वकीलसाहेब, शेवटचं वाक्य लिहिल्याबद्दल आभार, नाहीतर हा धागा पुस्तकाचा होता हे कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

पण मी साखरपेठ ताईंना अडवणार नाही. मला हे सुचलंच नव्हतं. मी जेरेमायावर झालेला अन्याय मोजत बसले होते.

होटगीरोड_वाचक
म्हणजे आता तुम्हीपण तिकडे. बरं. मला एक विचारायचंय, आणि राग धरू नका. तुमचा तो बावा दारू पिणारा होता का? मारकुटा? काहीतरी असेल म्हणून नाही म्हणालात ना? मग प्रथेला दोष कशाला, माणसाला द्या.

साखरपेठ_पूर्वभाग
नाही. तो चांगला होता. अजून आहे.

शाळेत असताना मला सायकलवरून कन्ना चौकापर्यंत सोडायचा. आण्णांच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रभर तोच बसला होता. व्यसन नाही, नोकरी बरी. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं, एवढंच कारण. आणि हे कारण आमच्या घरात कुणाला कारण वाटेना. आजी म्हणाली, त्याच्यात खोट दाखव, मी स्वतः नको म्हणते. मी काय दाखवू? तो काबोला गेला असता तर बरं झालं असतं. मी सुटले असते, मामी खाली मान घालून गेली असती, आईचं माहेर तुटलं नसतं. चांगल्या माणसाला नाही म्हणायचं तर सगळा भार आपल्या डोक्यावर येतो. आई पाच वर्षं माहेरी राखीला गेली नाही, माझ्यामुळे.

होटगीरोड_वाचक
यावर मला काही बोलता येत नाही. माझ्या आईवडिलांचं सुखाचं झालं, हे मी मागे घेणार नाही. पण आईला कुणी विचारलं होतं का, हे मलाही माहीत नाही.

शाईचा_डाग
ताई, माझं पहिलं म्हणणं हेच होतं, फक्त तुम्ही ते जगून आलात. बेलीपुढे निर्दोष जेरेमाया उभा असता आणि तरी ती म्हणाली असती की तू चांगला आहेस, पण मला तुझ्याशी लग्न करायचं नाही, तर ते पुस्तक मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं असतं. हान यांना ते जमलं असतं. पहिल्या दोन भागांत त्यांनी याहून अवघड जागा लिहिल्यात.

उन्हाळी_सुट्टी
एक मिनिट. मला हे पटतंय आणि तरी पटत नाहीये. सुझानाचं मान्य. मी तिच्यावर फार प्रेम केलं, त्यामुळे हे मान्य करताना त्रास होतोय. पण बेलीला निवडूच दिलं नाही हे मला मान्य नाही. लग्न मोडल्यावर ती लगेच कॉनरॅडच्या गळ्यात पडत नाही. ती निघून जाते. स्पेनला शिकते. सुझाना नाही, समुद्रकाठचं घर नाही, दोघांपैकी एकही भाऊ जवळ नाही. तिथं कॉनरॅडची पत्रं येतात. तिला तिथं कुणीही आवडू शकलं असतं. काही वर्षांनी ती त्याच्याशी लग्न करते, ते तिचं स्वतःचं आहे.

साखरपेठ_पूर्वभाग
ती वर्षं किती पानांत आहेत ग? उपसंहारात उरकलीत. जिथं ती मुलगी पहिल्यांदा एकटी आहे, तोच भाग लेखिकेने लिहिला नाही. मला तोच वाचायचा होता. स्पेनमध्ये ती सकाळी उठून काय करायची, पत्र आलं की लगेच उघडायची की ठेवून द्यायची, एखाद्या दिवशी तिला वाटलं का की दोघंही नकोत.

बाळीवेसकर
हे बरोबर बोललात. आणि त्या दोन भावांचं पुढं काय झालं तेही सविस्तर हवं होतं. एकाच्या मांडवातली मुलगी दुसऱ्याच्या घरात येते. आमच्या चुलत्यांत शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालं ते मयतीलाच सुरू झालं. इथं तर एवढं मोठं घडलंय. भाऊ भावाजवळ परत कसा आला, हे एका पूर्ण भागाचं काम आहे.

पोरी, तू मघाशी मुलीबद्दल विचारलंस. मी तिला विचारलं नव्हतं. रविवारी येणार आहे ती.

आचारी_जुळेसोलापूर
जेवणाचं कुणीच सांगितलं नाही.

उन्हाळी_सुट्टी
मालिकेनंतर आता चित्रपट जाहीर झालाय, तोही हानच लिहिणार आणि दिग्दर्शित करणार. कदाचित राहिलेलं त्यात येईल. ताई, तुमचं वाचल्यावर मी पहिला भाग परत काढलाय, सुझाना बेलीशी बोलते ती सगळी पानं बघायला. पण आताच सांगून ठेवते, मी कॉनरॅडच्याच बाजूने राहणार.

साखरपेठ_पूर्वभाग
राहा की. मी कुठं जेरेमायाच्या बाजूने आहे? कॅमचं एवढं नीट वाच, आणि मग इथं येऊन लिही.