बालगृहात मानसशास्त्रज्ञाने मुलांशी बोलावं की मावश्यांशी?

भाट्येखाडी

परवा एका बालगृहाच्या बैठकीत माझं आणि व्यवस्थापनाचं चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कोकणातल्या त्या संस्थेत ठरावीक दिवशी जाते. त्यांची अपेक्षा अशी की मी एका खोलीत बसावं, एकेक मूल आत यावं, वीस-वीस मिनिटं बोलावं, संध्याकाळी रजिस्टरवर सही. तपासणीला कुणी आलं की ‘सर्व प्रवेशितांचे समुपदेशन झाले’ असं दाखवता येतं.

माझं म्हणणं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मला काळजीवाहक मावश्यांबरोबर द्या.

एक उदाहरण देते, तपशील बदललेत. आठ-नऊ वर्षांची मुलगी उशीच्या अभ्र्यात चपात्या लपवायची. आधी मुंग्या झाल्या, मग उंदीर, मग शेजारच्या खाटांवरून ओरड. मावशीने अभ्राच काढून घेतला, तर ही पेटीत लपवायला लागली. माझ्याकडे पाठवली ती ‘चोरीची सवय’ असा शेरा मारून. ही चोरी नव्हे. घरात चूल कधी पेटेल याचा भरवसा नसला की पोरं अन्न साठवायला शिकतात, आणि आता दोन वेळचं मिळतंय म्हणून ते लगेच सुटत नाही. मी तिला खोलीत बसवून चित्रं काढायला लावली असती, तिने काढलीही असती. पण रात्री दहा वाजता खाटेशी कोण असतं? मावशी. म्हणून मावशीशी बोलले. तिने झाकणाचा स्टीलचा डबा काढला. रोज रात्री त्यात एक चपाती नाहीतर मूठभर चुरमुरे, डबा मुलीच्या खाटेखाली, सकाळी रिकामा असो वा भरलेला, कुणी एक शब्द विचारायचा नाही. सुरुवातीला डबाही भरलेला आणि पेटीही. मग नुसता डबा. पुढे पुढे डब्यातलं सकाळी तसंच परत यायला लागलं. यात मी मुलीशी बोलले ते अगदी थोडं.

आमच्या व्यवस्थापकांचं मत: ‘मावश्यांशी गप्पा मारायला तुम्हाला मानधन देत नाही.’ तुम्हाला काय वाटतं?

दाभोळकाठ

डब्याचं पटलं. मूळ मुद्द्याला माझा ठाम विरोध. मी अकराव्या वर्षापासून अठरा होईपर्यंत बालगृहात वाढलोय.

मावशी चांगली असेल तर तुमचं सगळं बरोबर. तीच त्रास देत असेल तर? आमच्याकडे रात्रपाळीचा एक जण पाण्याच्या पाइपाने मारायचा. सांगणार कुणाला? अधीक्षक आणि तो एका वाडीतले. बालकल्याण समितीचे सदस्य यायचे तेव्हा हाच मागे उभा, हात बांधून. ‘काही त्रास आहे का रे?’ ‘नाही सर.’ दुसरं काय म्हणणार? दार लावून एकट्याशी बोलणारं बाहेरचं माणूस, एवढीच वाट होती, आणि ती वीस मिनिटं तुम्ही मावश्यांना देऊन टाकताय.

भाट्येखाडी

@दाभोळकाठ, निम्म्याहून जास्त म्हटलं, सगळा वेळ नव्हे. दार लावून बोलणं राहणारच. पण त्यातही एक अडचण आहे. मूल म्हणालं, ‘कुणाला सांगू नका’ आणि विषय लैंगिक अत्याचाराचा निघाला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मला पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून हे मी मुलाला आधीच सांगते: ‘मारहाण, अंगाला हात लावणं, असलं काही असेल तर मी गप्प बसणार नाही, बाकीचं आपल्या दोघांत.’ त्यावर काही मुलं कायमची मिटतात. वीस मिनिटांच्या हजेरीत तर कुणीच काही सांगत नाही. विश्वास बसायला मूल तुम्हाला आधी अंगणात, जेवणाच्या पंगतीत, मावशीशी बोलताना बघतं. तुम्ही कुणाच्या बाजूचे ते तिथे ठरवतं.

दाभोळकाठ

मावशीशी बोलताना बघतं म्हणूनच तर सांगत नाही!

कुडाळचो_झील

माका वायच वेगळा वाटता. आमच्याकडे कोण जरा येड्यासारख्या वागलो की म्हणतत ‘हेका रत्नागिरीक धाडा’. मनोरुग्णालय थंयसर आसा म्हणान. पोरग्याक एकट्याक खोलयेत बोलावलास तर बाकीची पोरां तेका ह्याच म्हणतली. वर्गात पण म्हणतली. ह्येचो इचार केलास?

जुनी_फाईल

महिला व बालविकास विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे दोन्ही पक्षांना जरा टोचणारं लिहितो.

मावश्यांना शिकवा, हे ऐकायला छान. रात्री एक मावशी आणि तीसेक मुली, हे मी वर्षानुवर्षे पाहिलंय. एक तापाने फणफणलेली, दोघींनी अंथरूण ओलं केलेलं, एकीची आई दुपारी भेटून गेली म्हणून ती रडतेय, आणि दोन थोराड मुलींची मारामारी. त्यात मावशी कंत्राटी, पगार रखडलेला. तिला तुम्ही दुपारी प्रोजेक्टर लावून ‘मुलाच्या वागण्यामागची भावना ओळखा’ शिकवणार आणि पाच वाजताच्या एसटीने घरी जाणार. ती मान डोलावेल, चहा देईल, रात्री पुन्हा तेच करेल. तिचा दोष नाही. मनुष्यबळाचा प्रश्न प्रशिक्षणाने सुटत नाही.

आणि @दाभोळकाठ, तुमच्यावर जे झालं ते गुन्हा होतं. पण तो पकडायला मानसशास्त्रज्ञ नेमत नाहीत. त्यासाठी तपासणी समिती आहे, तक्रारपेटी आहे, मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे. ती यंत्रणा झोपली म्हणून तिचं काम तिसऱ्याच्या गळ्यात घालू नका.

दाभोळकाठ

तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात होती आणि किल्ली कार्यालयात. पुढे बोला.

वाशिष्ठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून याच क्षेत्रात समुपदेशक आहे. मला या धाग्याचा सूरच खटकतो. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांत संस्थेच्या पदांची यादी आहे. तिथे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसिक आरोग्य तज्ज्ञ ही तिरकी रेघ मारून एकच जागा आहे. म्हणजे सरकारच्या लेखी आपण एकच. मग महिन्यातून कधीतरी येणाऱ्या क्लिनिकलवाल्यांनी येऊन ठरवायचं आणि आम्ही रोज तिथे असून रजिस्टर भरायचं, हे का? मावश्यांबरोबर बसणं आम्ही करतोच. त्याला तुमची क्लिनिकलची एम.फिल. लागत नाही.

भाट्येखाडी

@वाशिष्ठी, ती तिरकी रेघच घोळ करते. तुम्ही रोज असता, ते माझ्याने होणार नाही, मान्य. पण दोन कामं वेगळी आहेत. आम्हाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते ती मुख्यतः मूल्यमापन आणि उपचारासाठी. (औषधं आम्ही देत नाही, तो मनोविकारतज्ज्ञाचा प्रांत. अधूनमधून गोळ्या मागायला येतातच लोक.)

एक मुलगा माझ्याकडे ‘मतिमंद’ असं ठरवूनच आला होता. आईबाप नेपाळी, हापूसच्या बागेत राखणीला. कुणीतरी त्याची बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी घेतलेली, आकडा खूप खाली. कधी घेतली? संस्थेत आल्यावर लगेच, मराठीत. पोराला धड मराठी येत नव्हतं, शाळा जवळपास नव्हतीच, आणि घर सुटून पंधरवडाही झाला नव्हता. भेदरलेलं मूल परक्या भाषेत प्रश्नांची उत्तरं देत नाही, हे सांगायला मानसशास्त्र कशाला हवं? पण कागदावर आकडा बसला की तो पोराच्या पुढे पुढे चालतो. त्याचा काळजी आराखडा, शाळा, सगळं त्या आकड्यावर बेतलेलं. आधी शब्द न लागणारी चाचणी घेतली, मग काही महिने शाळेत गेल्यावर पुन्हा तपासलं. गणितात तो वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या पुढे होता. हे काम मुलासमोर बसूनच होतं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ सगळ्यांच्या वीस-वीस मिनिटांत विरघळून जातो.

पालवी

तुम्ही सगळे चुकीच्या घरात दिवा लावताय. बालगृहच नको. रुमानियात 2000 नंतर अनाथालयातल्या 136 लहानग्यांवर अभ्यास झाला. निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालक कुटुंबांत दिली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांची बुद्धी, जवळीक, सगळं जास्त सावरलं. आपल्याकडे मूल कुटुंबात ठेवायला पैसे देणारी बालसंगोपन योजना आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. मुलांना घरात द्या, मावश्यांचा प्रश्नच मिटेल.

जुनी_फाईल

@पालवी, अभ्यास ठाऊक आहे. ती तान्ही मुलं होती. आपल्या बालगृहात 6 ते 18 वयाची येतात, त्याखालची शिशुगृहात. बारा वर्षांचा, तीन घरं बघून आलेला मुलगा आणि पाळण्यातलं मूल एका मापाने मोजू नका.

आणि कोकणात कुटुंब कुठून आणणार? राजापूर, लांज्यातल्या वाड्यांवर अर्धी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. मागे राहिलेली सत्तरीची आजी, तिच्याकडे पोर सोपवलं. पैसे कागदावर महिन्याचे, हातात पडतात जेव्हा पडतील तेव्हा. मी अशी सोपवलेली मुलं सहा महिन्यांत परत येताना पाहिलीत. दुसऱ्यांदा परत आलेलं मूल पहिल्यापेक्षा अवघड असतं.

पालवी

म्हणून तर मानसशास्त्रज्ञाने त्या आजीच्या ओटीवर जायला हवं. बालगृहातल्या खोलीत का बसायचं?

भाट्येखाडी

हे मात्र बरोबर बोललात. मूल परत येतं ते बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत, आणि तेव्हाच आपल्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही. प्रवासखर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावरच बैठक संपते.

दाभोळकाठ

फिरून पुन्हा मोठ्यांशीच बोलणं. मावशी, आजी, अधीक्षक. मुलाला कधी विचारणार?

माझी मागणी साधी आहे. यादी संस्थेने करू नये. ज्याला बोलायचंय त्याने स्वतः नाव द्यावं, आणि कुणी नाव दिलं ते कार्यालयाला कळू नये. मग तुमचा उरलेला वेळ मावश्यांना खुशाल द्या.

भाट्येखाडी

मान्य. पण नुसतं स्वतःहून नाव देणाऱ्यांवर सोडलं तर गप्प मुलं राहून जातात. अंथरूण ओलं करणारं मूल कधीच नाव देणार नाही. दोन याद्या ठेवू: एक त्यांची, एक माझी.

जुनी_फाईल

आणि मावश्या तुमच्यासमोर बसतील तेव्हा मुलांकडे कोण बघणार? ते लिहा आधी.

भाट्येखाडी

दुपारी मुलं शाळेत असतात तेव्हा. रात्रपाळीवाल्या झोपलेल्या असतात, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा संध्याकाळी थांबेन, त्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी.

वाशिष्ठी

संध्याकाळी मी थांबते. तुमची शेवटची एसटी चुकेल.

दाभोळकाठ

शनिवार सोडून ठेवा. शनिवारी शाळा सकाळची.