दहा वर्षांपूर्वी हरवलेलं मूल आणि थंडावलेली फाइल: बाहेरच्यांनी नेमकं काय करायचं?

दादर_पूर्व:
नमस्कार मंडळी. पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या केसचा आम्ही पाच जण मिळून अभ्यास करतोय. सहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी चाळीच्या गल्लीतून गेला, दहा वर्षं झाली, पत्ता नाही. नाव, गल्ली, शाळा मुद्दाम लिहीत नाही. कुणाला केस ओळखू आली तरी कृपया इथे लिहू नका.

हाताशी सात कात्रणं, मूळ 'हरवला आहे' पोस्टरचा फोटो आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेली २२ सेकंदांची सीसीटीव्ही क्लिप एवढंच आहे. अडचण अशी की वेळच जुळत नाही. एका कात्रणात साडेपाच, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात 'रात्री उशिरा'. क्लिपवर ७:४८ दिसतंय, पण त्यातलं मूल हेच का, यावर आमच्यात दोन तट आहेत. एकाला तेव्हाच्या एका भाडेकरूवर दाट संशय आहे, आणि त्याला नाव घेऊन व्हिडिओ काढायचाय. बाकीच्यांनी थांबवून धरलंय. मुलाचा आजचा, सोळाव्या वर्षाचा चेहरा एआयने बनवून फिरवावा का, हाही प्रश्न आहे. आईवडिलांशी बोलणं झालंय, त्यांची ना नाही.

जुनी_कात्रणं:
वेळ जुळत नाही याचा अर्थ कुणी खोटं बोलतंय असा लगेच काढू नका. अशा केसमध्ये चार वेगवेगळ्या वेळा असतात: मूल शेवटचं दिसलं ती, घरच्यांच्या लक्षात आलं ती, पोलिस ठाण्यात स्टेशन डायरीत नोंद झाली ती आणि गुन्हा दाखल झाला ती. बातमीदाराला रात्री फोनवर जी मिळाली ती त्याने छापली. तुमचे साडेपाच, सात आणि 'रात्री उशिरा' हे बहुधा याच क्रमाने बसतील.

एक तक्ता करा. प्रत्येक विधानाला एक ओळ: काय म्हटलंय, कुणी म्हटलंय, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं, कुठे छापलं, कोणत्या तारखेला. सात कात्रणं म्हणजे सात पुरावे नव्हेत. वाक्यं शब्दशः सारखी असतील तर वृत्तसंस्थेची एकच बातमी चार ठिकाणी लागलेली असते, ती एकच धरायची. पहिल्या ४८ तासांतल्या बातम्या वेगळ्या ठेवा, वर्षपूर्तीच्या वेगळ्या. वर्षपूर्तीच्या बातम्यांत आधीच्या चुका पक्क्या होऊन येतात. ऑनलाइन आवृत्तीवर भिस्त ठेवू नका, छापील पानावरची एक कॉलमची बातमी तिथे बऱ्याचदा नसतेच. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या फाइली बघा.

मग साक्षीदारांच्या घड्याळाकडे या. चाळीत लोक मनगटावरचं घड्याळ बघून वेळ सांगत नाहीत. 'पाणी आलं होतं', 'दिवेलागण झाली होती', 'मालिका सुरू झाली होती' असं सांगतात. यातलं प्रत्येक तपासता येतं. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेल्यावर. म्हणजे 'अंधार पडत आला होता' याचा अर्थ महिन्याप्रमाणे तासाभराने बदलतो. पाण्याची वेळ महापालिकेच्या विभागाप्रमाणे ठरते आणि मधल्या वर्षांत बदललेली असू शकते, म्हणून आजची वेळ धरू नका, त्या वर्षीची विचारा. वार कोणता होता? रविवार असेल तर मेगाब्लॉक होता का, म्हणजे स्टेशनवरची गर्दी नेहमीसारखी नव्हती. विसर्जनाचा दिवस असेल तर सगळंच गणित वेगळं.

नकाशाही त्या वर्षीचाच हवा. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं दिसतात. आज जिथे पुनर्विकासाचा टॉवर किंवा मेट्रोचा खांब आहे तिथे तेव्हा बोळ होता, मैदान होतं की उघडा नाला, हे बघितल्याशिवाय 'तो या बाजूने गेला असेल' म्हणण्यात अर्थ नाही.

डीव्हीआर_तंत्र:
क्लिपबद्दल. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप म्हणजे मूळ फुटेजची दाबून बारीक केलेली प्रत. मूळ फाइलची माहिती तिच्यात उरत नाही. बरेचदा ती डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) काढलेलीही नसते, मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेली असते. पडद्यावर तिरके पट्टे किंवा लुकलुक दिसते का बघा.

७:४८ वर विश्वास ठेवू नका. डीव्हीआरचं घड्याळ महिन्यामहिन्याने सरकतं. आतली छोटी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर ते भलत्याच तारखेवर जातं, आणि वॉचमन अंदाजाने लावून देतो. योग्य रीत अशी की फुटेज उतरवताना डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी ठेवून फरक पंचनाम्यात लिहायचा. तो लिहिला गेला असेल तर कागदावर आहे, नसेल तर आता कळायचा मार्ग नाही, कारण ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं असणार. दुसरा कॅमेराही शोधून काही मिळणार नाही. सोसायटी आणि दुकानांतलं रेकॉर्डिंग साधारण १५ ते ३० दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं. म्हणूनच ताज्या केसमध्ये पहिल्याच दिवशी आसपासच्या सगळ्या कॅमेऱ्यांची यादी करून फुटेज राखून ठेवायला सांगावं लागतं.

कपड्यांच्या रंगावरून भांडू नका. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर गेला की चित्र काळंपांढरं होतं आणि काळा सिंथेटिक कपडा चक्क पांढुरका दिसतो. चालण्यावरूनही नको. रेकॉर्डिंग सेकंदाला १२ ते १५ फ्रेमचं असतं, क्लिप बनवताना वेग बदलला तर चाल भरभर वाटते आणि मूल लहान भासतं. उंची काढायची तर फ्रेमच्या मध्याजवळची स्थिर वस्तू घ्या, शटरची पट्टी किंवा कठडा, जी आजही तिथे मोजता येईल. कडेला रुंद भिंगामुळे सगळं ताणलेलं असतं.

आणि एआयने चित्र 'स्वच्छ' करू नका, हे मी हात जोडून सांगतो. दहा-बारा पिक्सेलच्या चेहऱ्यात माहितीच नसते, सॉफ्टवेअर तिथे कुठलातरी चेहरा रचून घालतं आणि मग लोक तोच शोधत बसतात. मिळाली तशी फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा आकडी ठसा, फाइल जराही बदलली तर तो बदलतो) काढून लिहून ठेवा, कुणाकडून कोणत्या तारखेला आली तेही. कोर्टासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र ज्याच्या ताब्यात यंत्र होतं त्याच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचं लागतं, तुम्ही देऊ शकत नाही. तुमच्या क्लिपचा उपयोग एवढाच: हा कॅमेरा कुठला, आणि याचं मूळ फुटेज पोलिसांनी जप्त केलं होतं का, हा प्रश्न लेखी विचारता येतो.

तपास_कागद:
पोलिसांकडून माहिती तुम्हाला मिळणार नाही, आईवडिलांना मिळेल. म्हणून सगळे अर्ज त्यांच्या सहीने.

१० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेत सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास करायचा. त्याआधी नुसत्या 'मिसिंग' नोंदीवर भागवलं जायचं. तुमची केस त्यानंतरची आहे, तेव्हा भादंवि ३६३ (अपहरण) खाली गुन्हा असायला हवा. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असता तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागलं असतं. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो. तो दिला गेला का, हे विचारा.

अर्ज एका पानाचा ठेवा, वरिष्ठ पोलिस निरीक्षकांच्या नावे. गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलम, आजचा तपासी अंमलदार कोण (बदल्या झालेल्या असतात आणि नव्या माणसाला फाइलच माहीत नसते), आईवडिलांचे डीएनए नमुने घेतले का, हरवलेल्या मुलांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद आहे का आणि त्यावरचा फोटो बरोबर आहे का. सर्वांत महत्त्वाचं, 'अ समरी' गेली आहे का? म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, असा अहवाल न्यायालयात देऊन तपास थांबवणं. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं, त्यांना वाटतं शोध चालू आहे. अ समरी झाली तरी नवी माहिती आल्यावर पुढचा तपास करता येतो, आणि ३६३ ला मुदतीची आडकाठी नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. दाद लागत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (माणसाला कोर्टासमोर हजर करा, अशा मागणीच्या याचिकेचा) रस्ता आहे. माहिती अधिकारात फार मिळणार नाही, तपास चालू असल्याचं सांगून कलम ८(१)(ज) पुढे करतात.

भाडेकरूच्या व्हिडिओबद्दल स्पष्ट सांगतो: काढू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले. आणि समजा तुमचा संशय खरा निघाला, तरी नाव फुटल्यावर तो माणूस मुलाला हलवेल. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्याच्या हद्दीतून २०१३ च्या जानेवारीत सात वर्षांची मुलगी पळवली गेली होती. बातम्या वाढल्यावर नेणाऱ्याने तिला कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. संशय असेल तर कोणत्या तारखेला, कुणी, काय पाहिलं एवढंच कागदावर लिहून तपासी अंमलदाराकडे द्या. विशेषणं नकोत.

दादर_पूर्व:
व्हिडिओ रद्द, त्यालाही हे वाचायला दिलं. पोस्टरचं काय? आणि बालगृहांत चौकशी करता येईल का?

पोस्टर_भिंत:
डी. एन. नगरच्या त्याच केसकडे बघा. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या काळात, २००८ ते २०१५ मध्ये, त्या ठाण्यातून १६६ मुली हरवल्याची नोंद होती. १६५ मिळाल्या, ही एकच राहिली, आणि निवृत्तीनंतरही ते तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तिने इंटरनेटवर स्वतःचंच हरवल्याचं पोस्टर शोधून काढलं होतं. त्यावरचे बाकीचे नंबर लागले नाहीत, शेजाऱ्याचा एक लागला. तो एक नंबर बंद असता तर?

म्हणून पोस्टर आता कोण वाचणार याचा विचार करा. वाटसरू नव्हे, सोळा वर्षांचा तो मुलगा स्वतः. त्याला आपलं आडनाव आठवत नसेल. आजीला काय हाक मारायचा, गल्लीच्या तोंडाशी कसलं देऊळ होतं, खाऊचं दुकान कुठलं, घरात कोणती भाषा बोलत, हे आठवेल. ते लिहा. मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, गुजराती, आणि चित्रात नव्हे, टाइप केलेल्या मजकुरात, नाहीतर शोधल्यावर सापडणार नाही. मूळ फोटो ठळक ठेवा, दोन-तीन वेगळ्या कोनांतले. एआयचा चेहरा नको. सहाव्या वर्षावरून सोळाव्याचा अंदाज काढायला जाणकार चित्रकार आईवडिलांचे त्या वयातले फोटो समोर ठेवतो, अॅप ते करत नाही. जखमेची खूण, कानाची ठेवण जरूर द्या. एक खूण मात्र मुद्दाम लपवून ठेवा, खोटे दावे करणारे आणि पैसे मागणारे फोन येतातच. पैसे मागितले की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

नंबर तीन हवेत: घरचा, ठाण्याचा लँडलाइन, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. घरचा प्रीपेड असेल तर ९० दिवस न वापरल्यास बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. त्याचं रिचार्ज तुमच्यापैकी एकाने अंगावर घ्या. आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लक्षात ठेवा: मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांनी काढलेलं पोस्टरच, आईवडिलांच्या आणि ठाण्याच्या संमतीने फिरवा. मुलगा मिळाला की त्याच दिवशी सगळीकडून उतरवा.

बालगृहांत तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही, आणि करूही नये. आईवडिलांनी बाल कल्याण समितीकडे अर्ज करायचा. नावाने शोधायला सांगू नका. सहा वर्षांचं मूल 'छोटू' किंवा 'बाबू' सांगतं आणि तेच नाव रजिस्टरला चढतं, वयातही दोन वर्षांचा फरक पडतो. हरवल्यापासून पुढच्या तीन महिन्यांत दाखल झालेल्या मुलग्यांची यादी बघायला सांगा. मुंबईपुरतं थांबू नका. रेल्वेगाडीत बसलेलं मूल कल्याण, इगतपुरी, भुसावळ किंवा सुरत, वडोदऱ्याला उतरवलं जातं आणि तिथल्याच समितीपुढे जातं. मुलाचं बोटांच्या ठशांसह आधार निघालं होतं का, हेही विचारा. बालगृहात नव्याने आधार काढताना जुना सापडून घरी गेलेली मुलं आहेत.

पोस्टरवरचे जुने नंबर आज लावून पाहिलेत का?

दादर_पूर्व:
आत्ता लावले. चार आहेत. दोन बंद. एक वडिलांचाच, चालू. चौथा नालासोपाऱ्यातल्या एका बाईंकडे गेलाय, पाच वर्षांपासून त्यांचा आहे.

पोस्टर_भिंत:
त्या बाईंना पुन्हा फोन करा. चुकीचा नंबर म्हणून कधी कुणी मुलाने किंवा मुलाबद्दल फोन केला होता का, साधारण केव्हा, एवढं विचारा. वडिलांचा नंबर त्यांना द्या आणि पुढे कुणी विचारलं तर हा सांगा म्हणावं. त्यांचं उत्तर तारखेसकट तक्त्यात लिहा.