छत गळतंय म्हणून मेंटेनन्स बंद? जरा थांबा!

माजी_सचिव
काल इथे एकाने सल्ला दिला, ‘छत गळतंय? सोसायटीचा मेंटेनन्स बंद करा, दोन महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ येतात.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. सरळ कोण येतं ते नऊ वर्षं सचिवपद भोगलेल्याला विचारा. पैसे थांबवले की तुम्हीच थकबाकीदार. आमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज आहे, वर सहकार निबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 चा वसुली दाखला. ‘पण माझं छत गळतं’ हे तिथे फारसं कुणी ऐकत नाही. तो वेगळा वाद, कलम 91, सहकार न्यायालय. आणि मुळात गच्चीतून पावसाचं पाणी आलं तर सोसायटीने बघायचं, वरच्याच्या बाथरूममधून आलं तर वरच्याने. आदर्श उपविधी वाचा तरी!

टपटप
सल्ला देणारा मीच. उपविधी वाचलेत हो. वाचून बादली रिकामी होत नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात आधी पिवळा डाग, मग पोपडे, आता स्लॅबची गंजलेली सळई दिसते. रात्री बादलीत टॉवेल टाकून झोपतो, आवाज नको म्हणून. सचिव म्हणतात वरच्यांशी बोला, वरचे म्हणतात सोसायटीशी बोला. सचिवाने घरी येऊन पाहणी करावी आणि दुरुस्तीची नोटीस द्यावी, हेही उपविधीतच आहे. ते पान फाटलं होतं का तुमच्या प्रतीत?

वरचा_मजला
दर वेळी वरचाच चोर! खालच्यांच्या कटकटीपायी मी दोनदा बाथरूम फोडलं. शेवटी काय निघालं? डक्टमधला कॉमन ड्रेनेज पाइप तडकलेला. म्हणजे काम सोसायटीचं. माझ्या फरशीचे पैसे कुणी दिले? कुणीही नाही. ‘सॉरी’सुद्धा लिफ्टमध्ये, अर्धवट.

माजी_सचिव
फोडायच्या आधी नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमचं पाणी जायचं तोंड, बंद करून पाणी तुंबवून ठेवायचं होतं दोन दिवस. खाली ओल वाढली नाही तर दोष पाइपात शोधायचा. फुकटची चाचणी.

कोबावाला
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. फरशीवर फरशी! इंटिरिअरवाला येतो, ब्रेकर लावतो, खालचा विटांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, खिळखिळा करतो, वर चकाचक टाइल बसवून जातो. वॉटरप्रूफिंग गेलं ते गेलंच.

वरचा_मजला
फरशीवर फरशी टाकताना ब्रेकर कशाला लावतील? आधी ठरवा काय म्हणायचंय.

कोबावाला
नवीन पाइप टाकायला भिंतीलगत फोडतातच. तीस वर्षं हेच करतोय, मला शिकवू नका.

वरचा_मजला
म्हणजे तीस वर्षं तुम्हीच फोडताय. मग आम्ही गळतो यात नवल ते काय?

कोबावाला
तोंड सांभाळून. मी कोबा घालतो, तोडत नाही. जुनी फरशी काढायची, पाणी भरून बघायचं, मगच नवीन. पण ‘पाहुणे येणारेत, चार दिवसांत उरका’ म्हणणारी गिऱ्हाइकं तुमच्यासारखीच.

चौथा_मजला_डावीकडे
फरशी राहू द्या. आमच्या समितीने सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशातून, गेट रंगवलं. इमारत तीस वर्षं पार करून गेली, म्हणजे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हवं. गेट मात्र सुंदर दिसतं.

टपटप
फरशी, गेट, सगळं झालं, माझी सळई तिथेच. ठीक आहे सचिवसाहेब, तुमचं खरं. मेंटेनन्स भरला आज, व्याजासकट. सोबत लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पाहणीला रविवारी येतो म्हणालेत. कुठल्या रविवारी ते नाही सांगितलं.

माजी_सचिव
पोच घेतलीत ना? मग तारीखही लेखी मागा. आमच्या जमातीला तोंडी रविवार फार आवडतो, कबूल.

कोबावाला
आणि वरच्यांना विचारा, फरशीवर फरशी आहे का.