खाणीतलं पाणी: ठेवायचं की बुजवायचं?

पश्चिमभागकर (बेळगाव तालुका)
आमच्या गावच्या खडी-क्रशरची दगडाची खण बंद पडलीय आणि पाण्यानं भरलीय. पंचायतीत दोन तट पडलेत, बुजवा आणि ठेवा. मी 'ठेवा'वाला. छत्तीसगडात बिश्रामपूरजवळ केनापारा इथं बंद कोळसाखाणीच्या खड्ड्यात आज बोटी फिरतात, पिंजऱ्यांत मासे वाढवतात. कोळशाला जमलं ते आपल्या काळ्या दगडाला का जमू नये? उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो, आणि इथं पाणी आयतं पडून आहे. बुजवायचं तर माती कुठली आणणार? दुसरीकडं नवा खड्डा काढूनच ना!

निवृत्त ओव्हरमन, खानापूर
दादा, केनापाराचे फोटो बघून भुलू नका. माझी नोकरी, खाणीत पाळीवर देखरेख करायची, विदर्भातल्या वणीच्या कोळसा पट्ट्यात गेली. खुल्या खाणीत शेवटचा खड्डा कुणी हौसेनं ठेवत नाही. पहिल्या कापाची कोळशावरची माती-दगड, म्हणजे ओबी, बाहेर ढीग करून टाकतात, तो डंप. पुढच्या कापांची मागच्या रिकाम्या जागेत टाकत जातात. शेवटी एक खड्डा उरतोच, आणि बाहेरचा डंप उचलून परत आत टाकायचा खर्च कुणालाच नको असतो. उपसा थांबला की पाणी आपोआप चढतं.

खरी भीती काठाची. आतला डंप म्हणजे सैल भराव. पाणी चढलं की त्याचा पाया भिजतो, फटींतला दाब वाढतो, आणि वरून कोरडा ठणठणीत दिसणारा उतार खालून सुटतो. त्याआधी माथ्यावर, काठाला समांतर, बोटभर भेग पडते. ती बघायला रोज माणूस फिरावा लागतो. शेजारी भूमिगत खाण चालू असेल तर विचारूच नका. आजच्या झारखंडातली चासनाळा कोळसाखाण, २७ डिसेंबर १९७५. वरच्या जुन्या खोदकामांत साठलेलं पाणी खाली घुसलं आणि ३७५ माणसं गेली.

ऊसवाला
काका, काय सांगतासा! आपल्या खणीखाली कुठली आलीय भूमिगत खाण? डंप पण नाही. अख्खा काळा पाषाण आहे, सुटणार काय त्यातनं? मार्च ते मे माझी मोटर त्याच पाण्यावर चालते. बुजवा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या उसाला पाणी द्यावं, मग बोलावं.

अक्का_मास्तरीण
तुमची मोटर चालते आणि आमची पोरं तिथं पोहायला जातात. डंप नाही खरं, पण उतार तरी कुठाय? भिंत सरळ कापलेली. पाय घसरला तर धरायला गवताची काडी नाही, आणि दोन पावलांवर किती खोल ते क्रशरवाल्यालाच ठाऊक. गावतळ्यात म्हशी उतरतात, इथं शेळीसुद्धा उतरत नाही. बुजवा.

कायदेवाला
अक्कांचा मुद्दा अमेरिकेच्या कायद्यातच आहे. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकला फेब्रुवारी १९७२ मध्ये कोळशाच्या टाकाऊ गाळाचा बांध फुटून १२५ माणसं गेली. पुढं १९७७ मध्ये खुल्या कोळसाखाणींचा कायदा आला. त्यात कायमचं तळं ठेवता येतं, पण अटींवर: पातळी बऱ्यापैकी स्थिर हवी, पाणी ठरवलेल्या वापराला चालणारं हवं, वापरणाऱ्याला सुरक्षित उतरता यायला हवं, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचं पाणी कमी व्हायला किंवा बिघडायला नको. आपल्याकडंही कोळशासाठी २००९ पासून खाण बंद करायचा आराखडा आणि त्याचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, असा नियम आहे. पण बांधकामाचा दगड पडला गौण खनिज. तो राज्याचा विषय, कोळशाचं एस्क्रो त्याला लागू नाही. म्हणजे केनापाराशी तुलना पाण्यापुरती ठीक, पैशाच्या बाबतीत नाही.

ऊसवाला
अमेरिकेत ऊस कोण लावतंय आमच्यासारखा! पाणी चांगलं आहे की नाही तेवढं सांगा.

निवृत्त ओव्हरमन, खानापूर
तपासल्याशिवाय कोण सांगणार? कोळशात पायराइट, म्हणजे गंधकाचं खनिज, असलं की हवा-पाणी लागून आम्ल होतं. मेघालयात नद्या त्यानंच नासल्या. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळं तिथं आम्लाचा त्रास फारसा नाही, तरी पाणी जड असतं. तुमच्या खणीत ती भानगड नाही, पण क्रशरची भुकटी आणि गावचा कचरा आत पडतोच की. आणि ठेवायचंच असेल तर एका बाजूनं पायऱ्या-पायऱ्यांचा उतार काढा. पाषाणात त्याला ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचं यंत्र, लागतो, स्वस्त नाही. जादा पाणी जायला सांडवा ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या जुलैत ते कुणाच्या भातात शिरेल सांगता येत नाही.

अक्का_मास्तरीण
आणि ब्रेकरचं भाडं कोण देणार? जमिनीचा उतारा कुणाच्या नावावर आहे?

पश्चिमभागकर (बेळगाव तालुका)
तिथंच घोडं पेंड खातंय. जमीन खासगी, क्रशरवाल्यानं भाड्यानं घेतलेली. तो म्हणतो, माझी मुदत संपली. मालक म्हणतो, खड्डा मी काढला नाही. पंचायतीचे अधिकारी, पीडीओ, म्हणतात, खासगी जागेवर पंचायतीचा पैसा घालता येत नाही.

ऊसवाला
ब्रेकरचं डिझेल मी घालतो. पण बुजवायच्या ठरावावर सही करणार नाही.

अक्का_मास्तरीण
डिझेल एका दिवसाचं, तळं कायमचं. कुंपण, सांडवा, वर्षाला पाण्याची तपासणी, हे कोण करणार ते नावानिशी ठरावात लिहून आणा. तोवर माझं मत बुजवा असंच मोजा.