मदत हवी आहे: यांटो जोन्सच्या स्मृतिस्थळाविषयी माहिती

नमस्कार. 'टॉर्चवुड' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील यांटो जोन्सच्या मृत्यूनंतर चाहत्यांनी व्यक्त केलेल्या शोकाविषयी मी लेख लिहीत असून, त्यासाठी आपले साहाय्य हवे आहे. जुलै २००९ मध्ये बीबीसी वनवर सलग पाच रात्री दाखवलेल्या कथेच्या चौथ्या भागात परग्रहवासीयांनी सोडलेल्या विषाणूमुळे यांटो आपला प्रियकर आणि टॉर्चवुड पथकाचा प्रमुख कॅप्टन जॅक याच्या कुशीत प्राण सोडतो. जॅक अमर असल्यामुळे, हजार वर्षांनी आपण त्याच्या लक्षात राहणार नाही, ही यांटोची खंत फार जिव्हारी लागते. चाहत्यांनी निषेध म्हणून बीबीसीला कॉफीची पाकिटे पाठवली (सहकाऱ्यांना कॉफी करून देणारा यांटोच होता) आणि वेल्समधील कार्डिफ बे येथील 'मर्मेड की' (Mermaid Quay) या धक्क्यावर चिठ्ठ्या, फुले व छायाचित्रे लावून त्याचे स्मृतिस्थळ उभे केले. काही चाहत्यांनी पटकथालेखकांना केलेली शिवीगाळ मला मुळीच मान्य नाही, परंतु हा शोक मात्र मी मनापासूनचा मानतो.

कार्डिफमध्ये राहणाऱ्या किंवा तेथे जाऊन आलेल्या मराठी मंडळींनी त्या चिठ्ठ्यांमधील मजकूर, त्यांच्या भाषा आणि स्मृतिस्थळाची सध्याची देखभाल यांविषयी प्रत्यक्ष पाहिलेले कृपया कळवावे. स्वतः काढलेली छायाचित्रे असल्यास ती लेखात वापरण्याची परवानगीही द्यावी, ही विनंती.