मदत हवी आहे: चौथ्या दिवशी इस्ट्राडायोल जातं कुठे?

मंडळी, पशुवैद्यक किंवा सेल कल्चरवाले कुणी असाल तर जरा वाचा.

मी पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट ग्रॅन्युलोसा पेशींच्या कल्चरवर (अंडाशयात अंड्याभोवती असणाऱ्या, इस्ट्राडायोल हे स्त्री-हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी). वाचलेलं सगळं गाईवरचं, पण २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, म्हणून हाताशी म्हशीची अंडाशयं. पहाटे कत्तलखान्यातून कोमट सलाइनमध्ये, थर्मासमधून आणते. (घरातला चहाचा थर्मास. आईला अजून सांगितलेलं नाही.)

३ ते ८ मिमीच्या फॉलिकलमधून (अंडं जिच्यात वाढतं ती द्रवाची पिशवी) सुईने पेशी काढते, धुते आणि १० टक्के सीरम (रक्तातला द्रव भाग) घातलेल्या मीडियममध्ये लावते. पेशी झकास चिकटतात, पसरतात. सर खूश. एलायझा (हॉर्मोन मोजायची चाचणी) केली की रडगाणं: दुसऱ्या दिवशी जेमतेम दिसणारं इस्ट्राडायोल चौथ्या दिवशी गायब, प्रोजेस्टेरॉन मात्र चढतंच आहे. एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हॉर्मोन) दहापट करून पाहिलं, काही उपयोग नाही. किटचा स्टँडर्ड कर्व्ह नीट येतो, म्हणजे मोजमापात घोळ दिसत नाही. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये पेशी खराब होत असतील का? सबमिशन दीड महिन्यावर आलंय.

गोठेकर:
ट्रॅफिकला उगाच शिव्या नका देऊ. पेशी धडधाकट आहेत, म्हणूनच प्रोजेस्टेरॉन चढतंय. सीरममुळे त्या ल्युटिनाइझ होतायत; अंडं सुटल्यावर फॉलिकलचं प्रोजेस्टेरॉन बनवणारं कॉर्पस ल्युटियम होतं, साधारण तेच तुमच्या प्लेटमध्ये. 'झकास पसरल्या' हीच खूण. इस्ट्राडायोल देणाऱ्या पेशी गोलसर, पुंजक्यांनी राहतात.

गुटिएरेझ, कॅम्पबेल आणि वेब यांचा १९९७चा पेपर काढा. गाईच्या पेशी, सीरम नाही, लहान फॉलिकल्स, दाट पेरणी. एफएसएच आणि इन्शुलिन दोन्ही मिलीला नॅनोग्रॅमच्या हिशेबात. तयार सप्लिमेंटमधलं मायक्रोग्रॅमभर इन्शुलिन पेशींना ल्युटिनाइझ व्हायलाच मदत करतं.

आणि अँड्रोस्टेनडायोन? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

धागाकर्ती:
नाही घातलं 🤦‍♀️

गोठेकर:
मग पेशी इस्ट्राडायोल करणार कशाचं? अँड्रोस्टेनडायोनसारखं अँड्रोजेन (पुरुषी हॉर्मोन) फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या थीका पेशी बनवतात, ग्रॅन्युलोसा अरोमाटेज या एन्झाइमने त्याचं इस्ट्राडायोल करतात. दाणे न घालता गिरणी चालवताय. दुसऱ्या दिवशीचं थोडंसं बहुधा फॉलिकलमधूनच सोबत आलेलं.

पिपेटवाली:
दोन गोष्टी जोडते. पेशी न घातलेल्या वेलमधलं (प्लेटमधल्या खळग्यातलं) मीडियमही एलायझात लावा. अँड्रोस्टेनडायोनची क्रॉस-रिअ‍ॅक्शन असेल, म्हणजे किट त्यालाच इस्ट्राडायोल समजत असेल, तर तिथेच कळेल. आणि आकडे पेशींच्या संख्येने किंवा डीएनएने भागा. पेशी वाढल्या म्हणून हॉर्मोन वाढलं, की प्रत्येक पेशी जास्त देतेय, हे नुसत्या 'प्रति मिली'वरून कळत नाही. व्हायव्हामध्ये हमखास विचारतात.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! सीरम आजपासून बंद. अँड्रोस्टेनडायोन इथेनॉलमध्येच विरघळवायचं ना?

पिपेटवाली:
हो. स्टॉक (मूळ द्रावण) पुरेसा तीव्र करा, म्हणजे वेलमध्ये इथेनॉल ०.१ टक्क्याच्या आत राहील. कंट्रोलमध्येही तेवढंच घाला.