नववीचा प्रश्न: विषाणू कुठल्या सृष्टीत बसवायचे?

प्रश्न
मुलीने काल मला गाठलं. व्हिटाकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे मोठे गट, केल्या, त्यांत विषाणू का नाहीत? मी म्हटलं, ते सजीव नाहीत म्हणून. तर म्हणते, "मग करोनात सॅनिटायझरने आपण काय मारत होतो?" मी कॉमर्सची. कुणीतरी सोडवा.

उत्तर १
सजीवच. वाढतात, पसरतात, रूप बदलतात. अजून काय पाहिजे?

उत्तर २
ताई, मुलीला शाबासकी द्या. करोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. मारणं नव्हे, मोडणं म्हणा.

मी निपाणीकडचा. घरी तंबाखू, शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. पहिला सापडलेला विषाणू आमच्या तंबाखूवरचाच, मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा. १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीने रोगट पानांचा रस जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळला, तरी रोग झालाच. १९३५ मध्ये स्टॅन्लेने त्याचे चक्क स्फटिक केले. मिठासारखे! विरघळवून पानावर चोळले की पुन्हा मोझॅक. नोबेल मिळालं तेही रसायनशास्त्राचं.

हा रोग टोमॅटोलाही होतो, म्हणून टोमॅटोची रोपं लावताना मी गड्यांना तंबाखू मळू द्यायचो नाही. वाळल्या पानात हा विषाणू वर्षानुवर्षं पडून राहतो. खाणं नाही, श्वास नाही, वाढ नाही. बोटावरून कोवळ्या पानाच्या ओरखड्यात शिरला की मात्र तिथल्या पेशीला राबवून स्वतःच्या प्रतींवर प्रती काढून घेतो. त्याला चरबीचं आवरणच नाही, त्यामुळे अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. म्हणून मी गड्यांना हात दुधात बुडवायला लावायचो, दुधाने त्याची लागण अडते. माणसं हसायची.

व्हिटाकरच्या पाचही सृष्टी पेशीवाल्यांच्या. विषाणूला पेशी नाही, म्हणून जागा नाही. त्यांची कुळं, प्रजाती वेगळी आंतरराष्ट्रीय समिती ठरवते.

उत्तर ३
सर, मिमिव्हायरस राहिला! १९९२ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डला कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात सापडला. एवढा मोठा, की जिवाणूच समजले. विषाणू आहे हे २००३ मध्ये जाहीर झालं. पुढे त्यालाच छळणारा दुसरा छोटा विषाणूही सापडला. जो आजारी पडतो तो निर्जीव कसा?

उत्तर २ (पुन्हा)
मुद्दा बिनतोड. पण प्रथिनं बनवायला रायबोसोम लागतात, ते त्याच्याकडेही नाहीत, अमिबाचेच वापरतो. मी अजून 'सजीव नाही'कडेच.

प्रश्नकर्ती
सगळं वाचून दाखवलं. मुलगी विचारतेय, दूध कच्चं की तापवलेलं?

उत्तर २ (पुन्हा)
साय काढलेलं. दुधाची पावडर पाण्यात कालवली तरी चालते.